‘पीस न्हाईत त्यात’: खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या जोडप्यानं बाहेर जेवायला निघण्याआधी

पहिलं काम भिंतीवरच्या कालनिर्णयाचं. हॉटेल कुठलं, हे नंतर. आमचे हे कोल्हापूरचे, खाणारे. मी जयसिंगपूरकडची, दिगंबर जैन घरातली. मटण-मासे-अंडी तर नाहीच, पण कांदा, लसूण, बटाटाही नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि अजून आम्ही महिन्यातून दोनदा तरी एका टेबलावर बाहेर जेवतो. पण ते जमतं घरातून निघण्याआधी केलेल्या तयारीवर. नवीन लग्न झालेल्या आणि आमच्यासारख्याच पेचात असलेल्या एका मैत्रिणीनं ती तयारी लिहून मागितली, म्हणून हे.

तर कालनिर्णय. आधी दोघांचे वार आणि तिथी एकमेकांवर ठेवून बघायच्या. यांचा सोमवार महादेवाचा आणि रविवार जोतिबाचा. कुलदैवत जोतिबा असल्यावर रविवारी मटण नाही. म्हणजे सगळं कोल्हापूर पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत उभं असतं तेव्हा हे गॅलरीत उभे राहून शेजारच्या फोडणीचा वास घेतात. माझ्या बाजूला अष्टमी-चतुर्दशी, महिन्याला चार दिवस, त्या दिवशी मी बाहेरचं खातच नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद. भाद्रपदात पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व, आणि नेमके तेच गणपतीचे दिवस. श्रावणात यांचंही बंद. हे सगळं वजा केलं की उरतात मंगळवार ते शनिवार, तेही तिथी बघून. त्यातल्या शुक्रवारी सासूबाई अंबाबाईचा वार पाळतात, पण त्या आमच्याबरोबर येत नाहीत, त्यामुळे तो धरायचा नाही. हे गणित फोनमध्ये करू नका, भिंतीवर पेनानं गोल करा. फोनमधलं फक्त ज्यानं लिहिलं त्याला दिसतं आणि मग ‘मला सांगितलंच नाहीस’ सुरू होतं.

मग वेळ. रात्रीचं न जेवण्याचा नियम मी रोज पाळत नाही, पण पर्वाच्या आसपास पाळते. कोल्हापुरात डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. रात्रीच्या जेवणाची हॉटेलं सातनंतर कुठं जागी होतात. त्यामुळे आमचं बाहेरचं जेवण म्हणजे दुपारचं जेवण. ते यांच्याही फायद्याचं, कारण दुपारी सुक्कं मटण ताजं असतं आणि रस्सा दहा वेळा गरम केलेला नसतो. साडेबाराला आत, गर्दीच्या आधी. एक वाजला की मालकाला तुमच्या प्रश्नांना वेळ नसतो, आणि त्यात त्याची काही चूकही नसते.

आता प्रश्नांचं. माझं सगळं शहाणपण एका चमचाभर रश्शातून आलंय. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका हॉटेलात (नाव नको) वाढणाऱ्या पोरानं माझ्यासमोरही पांढऱ्या रश्शाची वाटी ठेवली. पांढरं, नारळाच्या दुधाचं, वर तुपाचा तवंग, काजूचा वास. मी विचारलं, ‘व्हेज आहे ना?’ तो अगदी मनापासून म्हणाला, ‘व्हेजच की ताई! पीस न्हाईत त्यात.’ मी चमचाभर प्यायले. यांनी बघितलं आणि यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. पांढरा रस्सा मटणाच्या अळणीत होतो, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मलाच माहीत नव्हतं. पोरगं खोटं बोललं नव्हतं. त्याच्या लेखी मटण म्हणजे पीस.

तेव्हापासून ‘व्हेज आहे का’ हा प्रश्न आमच्या घरातून हद्दपार. विचारायचं ते असं: हे कशात शिजवलं? कुठल्या तेलात तळलं? त्या तव्यावर आणखी काय भाजता? हे वाटण कशाचं? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वस्तूचं नाव असलं पाहिजे, ‘हो’ किंवा ‘नाही’ नको. ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही. आचाऱ्याला ‘कशाचं’ विचारलं की तो थांबतो, आठवतो आणि खरं सांगतो.

हे प्रश्न टेबलावर बसून विचारायचे नाहीत. आदल्या दिवशी, नाहीतर त्याच दिवशी अकराच्या सुमारास, फोन करायचा. तेव्हा वाटणं झालेली असतात आणि गिऱ्हाईक आलेलं नसतं. फोन यांनी करायचा, हा आमचा नियम. मी केला की मी ‘नखरे करणारी ताई’ होते. यांनी केला की, ‘दादा, आमच्या घरात असं असं आहे, एक ताट वेगळं जमेल का?’ आणि आचारी उत्साहानं कामाला लागतो. चीड येते, पण भूक लागलेली असताना मी समाज सुधारायला निघत नाही.

कोल्हापुरात फोनवर एक शब्द सगळ्यात आधी काढायचा: चटणी. इथं चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू नव्हे. वर्षाची डब्यात भरून ठेवलेली लाल तिखटाची पूड, ती चटणी, आणि तिच्यात कांदा-लसूण कुटलेलाच असतो. त्यामुळे ‘कांदा-लसूण घालू नका’ म्हटलं की आचारी कढईत वरून काही घालत नाही, आणि मग निर्धास्तपणे दोन चमचे चटणी टाकतो. ही फसवणूक नाही, भाषेचा घोटाळा आहे. म्हणून वाक्य पाठ करा: ‘चटणी नको, नुसतं लाल तिखट किंवा हिरवी मिरची.’ याच कारणानं मिसळ माझ्यासाठी बाद, आणि हायवेवरच्या ढाब्यांचा अख्खा मसूरही बाद. पंजाबी हॉटेलात तोच अडथळा वेगळ्या रूपात येतो: लाल ग्रेव्ही सकाळीच पातेलंभर करून ठेवलेली असते, तिच्यातून कांदा परत काढता येत नाही. ‘जैन करून देतो’ म्हणाले तर ‘ग्रेव्ही नवीन करणार का?’ एवढंच विचारायचं. पलीकडे शांतता पसरली तर दुसरं हॉटेल. नानच्या पिठात अंडं घालतात का, तेही त्याच फोनमध्ये विचारून टाकायचं. चायनीज गाड्याकडे आम्ही जातच नाही. एकच कढई, एकच झारा, विषय संपला.

मटणाच्या खानावळीत मला काय मिळू शकतं, हे आता मी आचाऱ्यालाच सांगते, त्याच्या कार्डावर शोधत बसत नाही. फोडणी पडायच्या आधीचं साधं वरण, भात, तूप, लिंबू, दही. ज्वारीची भाकरी, पण तव्यावर ऑम्लेट भाजत नसतील तरच. आणि एक ताजी परतलेली भाजी: भेंडी, दोडका किंवा ढबू मिरची, वेगळ्या कढईत, जिरं आणि हिरवी मिरची घालून. खर्डा, म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा, बिनलसणाचा हवा असेल तर फोनवरच सांगायचा. कुटायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं साडेबाराला असतात, दीडला नसतात. सोलकढी दिसायला निरागस, पण तिच्यातही लसूण ठेचून घालणारे खूप, म्हणून विचारायचीच.

इथं माझं ठाम मत सांगते. न खाणाऱ्या माणसानं खाणाऱ्याच्या हॉटेलात जाऊन दही-भाकरीवर भागवायचं आणि हसून ‘मला चालतं’ म्हणायचं, हे पहिली दोन वर्षं गोड वाटतं. तिसऱ्या वर्षी माणूस बाहेर जेवायला जायचंच टाळतो. मी टाळत होते. डोकं दुखायचं, काम निघायचं. म्हणून आमच्याकडे आता हॉटेल निवडायची सुरुवात ज्याला पर्याय कमी त्याच्या ताटापासून होते. माझ्या ताटात मला आवडलेली निदान एक गरम भाजी पक्की झाली तरच यांचं सुक्कं मंजूर. आणि हिशेब दोन्हीकडून चालतो: एकदा खानावळ, तर पुढच्या वेळी दावणगिरी लोणी डोसा, मला बटाट्याची भाजी न घालता आणि चटणीत लसूण नाही ना हे विचारून. तिथं यांनी ‘पोट भरलं नाही’ म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर तिसरा डोसा मागवायचा.

पिशवीत काय असतं ते पटकन सांगते. बिनलसणाच्या शेंगदाणा चटणीची डबी (ही खरी चटणी), माझा चमचा, पाण्याची बाटली, दोन मोठे रुमाल, बडीशेप. बडीशेप यांच्यासाठी, परतीच्या गाडीवर मी मागं बसते आणि वारा माझ्याकडे येतो. पापड किंवा आइस्क्रीमचं पाकीट पुढ्यात आलं तर खूण बघायची: हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी तिथंही ठिपकाच असायचा, त्यामुळे रंगात गफलत व्हायची. आता आकारच वेगळा. पण हिरवा ठिपका कांदा-लसणाबद्दल काही बोलत नाही, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचायचीच. वाचायला चष्मा लागतो. तोही पिशवीत.

पैशाचंही आधी विचारून घ्यायचं. रस्सा पाहिजे तेवढा असलेल्या थाळीला बहुतेक ठिकाणी ‘दोघांत एक चालणार नाही’ अशी पाटी असते. दुसऱ्या माणसाचं वरण-भात-भाजीचं वेगळं बिल होईल की त्यालाही थाळीच घ्यावी लागेल, हे फोनवर स्पष्ट करून घेतलं की काउंटरवर आवाज चढत नाही.

बसायचं कसं, यालाही तयारी म्हणावं लागेल. समोरासमोर नाही, शेजारी; मी भिंतीकडे, हे वाटेकडे. वाढपी रश्शाची बादली घेऊन वाटेनं येतो आणि त्याचा डाव आधी यांच्या वाटीवर थांबतो, माझ्या ताटावरून ठिबकत जात नाही. माझा भात वेगळ्या चमच्यानं वाढायला हे त्याला पहिल्याच फेरीला सांगतात. हाडं ठेवायला जादा ताटली मागतात आणि ती स्वतःच्या उजव्या हाताला ठेवतात. मी काही बोलत नाही. मी बोलले की, ‘ताईंना चालत नाही होय, मग इथं कशाला आलात?’ हे ऐकावं लागतं. एकदा ऐकलंय. यांनी तेव्हा शांतपणे सांगितलं, ‘त्या माझ्याबरोबर आल्यात,’ आणि दुसरी भाकरी मागवली.

शेवटचं पार्सल. यांचा धाकटा भाऊ घरी असला की पार्सल होतंच, आणि माझ्या ओट्यावर मटण येत नाही, हे लग्नाआधीच ठरलंय. प्लास्टिकच्या पिशवीतला रस्सा गाडीवर फुटतो, म्हणून घरून स्टीलचा कडीचा डबा न्यायचा. आमच्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधलाय. तो डबा, दोन वाट्या आणि एक पातेलं जिन्याखालच्या कपाटात असतात. तिथंच जेवण, तिथल्याच नळावर धुणं, आणि धुणार खाणारे. निघताना मी पिशवी बघते, हे तो डबा घेतात. आणि दोरा सुटत आला असला तर गाडी काढायच्या आधी पुन्हा बांधतात.