शॉर्टवेव्ह गप्प झाला, तर सौरज्वाला की चुंबकीय वादळ हे कसे ओळखावे?

काल खणखणीत लागणारे परदेशी स्टेशन आज लागतच नाही. रेडिओ बिघडला असे वाटते, पण कारण बहुतेकदा आभाळात असते. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूर पोहोचतात, कारण आयनांबर, म्हणजे वातावरणातला उंचावरचा विद्युतभारित भाग, त्यांना पुन्हा जमिनीकडे वळवतो. हे आयनांबर सूर्य दोन प्रकारे बिघडवतो आणि दोन्हींवरचे उपाय नेमके उलटे आहेत. म्हणून आधी निदान, मग डायल.

पहिली पायरी : घरातले कारण वगळा. एलईडी दिवे आणि चार्जर बंद करून रेडिओ बॅटरीवर लावा. खरखर ओसरली, तर दोष घरातलाच. अँटेनाची जोडणीही तपासा.

दुसरी पायरी : घड्याळ पाहा. भरदिवसा, काही मिनिटांतच स्टेशने गेली आणि पार्श्वभूमीची खरखरही मंदावली (अँटेना निसटल्यासारखे वाटते ते यामुळेच), तर सौरज्वालेचा, म्हणजे सूर्यावरच्या अचानक भडक्याचा, संशय घ्या. तिचे क्ष-किरण साधारण ८ मिनिटांत येतात. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवू शकत नाही. ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा डी थर दाट होतो आणि लहरी गिळतो. अशा वेळी वरच्या फ्रिक्वेन्सीवर जा. खालचे बँड (कमी फ्रिक्वेन्सीचे पट्टे) सर्वांत शेवटी सुधारतात. बहुधा तासा-दोन तासांत सारे पूर्ववत होते. रात्रीच्या बाजूला हा त्रास होत नाही.

तिसरी पायरी : रात्रीही त्रास आहे, वरचे बँड एकेक करून बंद पडताहेत, ध्रुवांजवळून येणारे आवाज थरथरताहेत? मग हे भूचुंबकीय वादळ. सूर्याने फेकलेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) बहुधा एक ते तीन दिवसांत पोहोचतो. त्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. एरवी ढाल असलेले क्षेत्र तेव्हा दार होते. मग वरचा एफ थर अनेकदा विरळ होतो आणि उंच फ्रिक्वेन्सी परत न वळता अवकाशात निघून जातात. म्हणून इथे खालच्या बँडवर उतरा आणि ध्रुवांवरून जाणारे मार्ग टाळा.

चौथी पायरी : केपी निर्देशांकाने, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दाखवणाऱ्या आकड्याने, खात्री करा. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे अवकाश हवामान केंद्र तो मोफत दाखवते. मोजणी ० ते ९, दर तीन तासांची. ५ पासून वादळ धरतात. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरची अंतराळयाने सौरवारा (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह) आधी मोजतात, पण त्यातून मिळणारी पूर्वसूचना जेमतेम १५ ते ६० मिनिटांची असते.

जीपीएसवर काम करणाऱ्यांनीही हा आकडा पाहावा. उपग्रहाचा संदेश आयनांबरातूनच येतो आणि वादळात त्याला होणारा विलंब सारखा बदलतो. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत ट्रॅक्टरांचे अचूक मार्गदर्शन कोलमडले होते. दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा रिसीव्हर यातली बरीच चूक काढून टाकतो. तरी केपी ७ च्या वर असेल, तर जमिनीची मोजणी किंवा ड्रोनचे उड्डाण पुढे ढकला. मोबाइल टॉवरच्या लहरी मात्र आयनांबरापर्यंत जाण्याची गरजच नसते, तेव्हा साध्या कॉलची काळजी नको.

केपी खाली आला, तरी वरचे बँड लगेच उघडत नाहीत. विरळ झालेला एफ थर भरून यायला आणखी एखादा दिवस लागू शकतो; तोवर खालच्या बँडवरच ऐका.