अप्रेझलचा फॉर्म भरण्याआधी
मार्च उजाडला की ऑफिसात सेल्फ-अप्रेझलचा, म्हणजे आपल्या वर्षभराच्या कामाचं आपणच मूल्यमापन करायचा फॉर्म येतो आणि आपल्याला आठवतं ते फक्त जानेवारीनंतरचं काम. साहेबांचंही तसंच असतं म्हणा! म्हणून आधी गेल्या एप्रिलपासूनचे पाठवलेले मेल आणि कॅलेंडर चाळा. विसरलेली निम्मी कामं तिथेच सापडतात. प्रत्येक कामापुढे आकडा लिहा. ‘रिपोर्टिंग सुधारलं’ यापेक्षा ‘महिन्याचा रिपोर्ट ३ दिवसांऐवजी १ दिवसात’ याला वजन येतं. कौतुकाचा एखादा मेल असेल तर जोडा, लाजू नका. जे राहून गेलं ते कारणासकट स्वतःच मांडा. झाकलेलं नेमकं बैठकीतच उघडं पडतं. पगारवाढीचं मात्र फॉर्मची वाट न बघता आधीच तोंडी बोला. बजेट ठरल्यावर साहेबांच्या हातात फारसं उरत नाही.