व्याख्येचं कलम आधी वाचा

एम.ए.ला ‘बहुराष्ट्रीय संघराज्यं आणि वांशिक समानता’ हा विषय मी घेतला तो निव्वळ आगाऊपणातून. घर गोव्यातल्या पेडण्याचं. बोलणं कोंकणी, वाचणं मराठी, देवळातलं कीर्तनही मराठी. कोंकणी-मराठी भाषावाद आणि मला शिकवायचा?

पहिल्याच सेमिनारात आपटलो. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीला काहीच दिलं नाही, असं मी तावातावाने बोललो. सरांनी कायद्याची प्रत पुढे सरकवली, ‘वाच.’ मराठीचाही वापर सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी, असं त्यात होतं. (‘राजभाषा’ हा शब्द मात्र तिला दिलेला नाही, हेही खरं.) आजोबांकडून ऐकलेल्या कायद्यात हे कलमच नव्हतं! तेवढ्यात शेजारची, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची मुलगी व्याख्येवर बोट ठेवून म्हणाली, ‘आनी म्हजी कोंकणी खंय?’ कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी. तिच्या घरची प्रार्थनेची पुस्तकं, पत्रं सगळी रोमी, म्हणजे रोमन लिपीत. माझ्या तक्रारीत ती कुठेच नव्हती.

तेव्हापासून कुठलंही संविधान उघडलं की समानतेचं कलम नंतर, गट कोणते मोजलेत ते आधी बघतो. तुम्हीही तसंच करा. बेल्जियमच्या मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच भाषक मंत्री समसमान. जर्मन भाषकांना तिथे राखीव जागा नाही. १९७४च्या युगोस्लाव्हियात माँटेनेग्रिन लोक ‘राष्ट्र’, त्यांना प्रजासत्ताक. संख्येने त्यांच्याहून कितीतरी जास्त असलेले अल्बेनियन मात्र ‘राष्ट्रीयत्व’, आणि कोसोव्हो नुसता स्वायत्त प्रांत. सगळं भांडण त्या एका शब्दाचं.

आकड्यांनीही लगेच भुलू नका. सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीयत्वांच्या सभागृहात प्रजासत्ताक म्हणून रशियाचे प्रतिनिधी ३२, चिमुकल्या एस्टोनियाचेही ३२. सत्ता होती पक्षाकडे. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशचे ३१, गोव्याचा १. यातलं जास्त समान कुठलं, यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं आणि दोनदा फाडलं.

नेट-सेटची तयारी सगळेच सांगतील, ती करा. पण आठवड्यातला एक दिवस पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयासाठी ठेवा, आणि आपल्या बाजूची नसलेली वर्तमानपत्रं आधी मागवा. रोमी वाचायला मला त्या सासष्टीकरणीनेच शिकवलं. ‘एक्स’ दिसला की ‘श’ म्हणायचं. अजून अडखळतो.