आजोबांच्या रंध्यावर १९१० लिहिलंय? मग या चुका टाळा

पहिली चूक माझीच, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, सोलापुरात गिरणीत सुतार होते. ते गेल्यावर त्यांचा लोखंडी रंधा माळ्यावर पडून होता. एका रविवारी मी तो खाली काढला, पातं आणि फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो तुकडा) सोडवला, तर फ्रॉगच्या मागे रंध्याच्या अंगावर ओतकामात तारीख दिसली: एप्रिल १९, १०. झालं! घरच्या ग्रुपवर लगेच टाकलं, ‘आपला रंधा १९१० चा.’ पाच मिनिटांत आत्याचा फोन. “अरे, अण्णांचा जन्म एकोणीस सालचा. रंधा काय पाळण्यात बांधला होता त्यांच्या?”

ती तारीख पेटंटची होती. पेटंट मिळाल्यानंतर स्टॅन्ली ही रंधा बनवणारी अमेरिकन कंपनी तीच तारीख वर्षानुवर्षं साच्यात ठेवायची. त्यामुळे रंधा त्या तारखेच्या आधीचा नाही, एवढंच तिच्यावरून ठरतं. नंतरचा किती, ते दुसरीकडे शोधावं लागतं. फ्रॉगच्या मागे तीन तारखा असतील (मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१०) तर रंधा साधारण १९१० ते १९१८ मधला. नुसती १९१० ची तारीख आणि सोबत ‘मेड इन यू. एस. ए.’ असेल, तर तो १९३० च्या आसपासचा. पुढचा लाकडी नॉब बुटका असेल तर बहुधा १९२० च्या आधीचा, उंच असेल तर नंतरचा. नॉबच्या बुडाशी ओतकामातच उठावदार कडं असेल, तर १९३० च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. आमच्या रंध्याला कडं आहे. म्हणजे आमचं ‘१९१०’ वीस वर्षं पुढे सरकलं, आणि अण्णा पाळण्यातून बाहेर आले.

दुसरी चूक म्हणजे एकाच भागावरून सगळ्या रंध्याचं वय ठरवणं. पातं झिजतं, पातं दाबून धरणारी लिव्हर कॅप हरवते, मूठ फुटते, मग मिळेल तो भाग बसतो. १८७७ च्या जुन्या मिलपासून सोलापुरात गिरण्यांचं राज्य होतं. अशा ठिकाणी दोन मोडक्या रंध्यांतून एक चालता रंधा करणं हा सुताराच्या रोजच्या कामाचाच भाग. आमच्या रंध्याच्या लिव्हर कॅपचं छिद्र मूत्रपिंडाच्या आकाराचं आहे. स्टॅन्लीच्या कॅपला हे छिद्र १९३३ पासून आलं, त्याआधीचं किल्लीच्या भोकासारखं असायचं. म्हणजे कॅप नंतर बदललेली. पात्यावर हृदयाच्या आकारात एस. डब्ल्यू. ही अक्षरं असतील, तर ते पातं १९२० ते १९३५ च्या दरम्यानचं. पातं, रंधा नव्हे! निकाल द्यायचा तो अंगावरून, म्हणजे ओतलेल्या बिडावरून. बाकीचे भाग साक्षीदार, आणि त्यांतले काही खोटं बोलतात.

पुढच्या टोकावरचा ५ किंवा ४ हा आकडा मापाचा, सालाचा नाही. नंबर ५ सुमारे १४ इंच लांब, नंबर ७ बावीस. ०५ असा शून्य लावलेला आकडा बहुधा इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या रेकॉर्ड या कंपनीचा. त्या कंपनीने रंधे बनवायला १९३१ मध्ये सुरुवात केली, त्यामुळे ‘आमचा रेकॉर्ड पणजोबांनी एकोणीसशे दहाला घेतला’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि चहा प्या. हिंदुस्थानात बनलेले रंधेही याच वळणाचे असतात. लोखंडी दिसला की ‘ब्रिटिशकालीन’ म्हणायची घाई नको.

लाकडी रंध्यात वेगळीच गफलत होते. पात्यावर शेफिल्डचं नाव आणि ‘कास्ट स्टील’ असं कोरलेलं असतं, म्हणून लोक अख्खा रंधा विलायती समजतात. विलायती पातं आणून स्थानिक सुतारानं शिसवी किंवा बाभळीच्या अंगात बसवणं सर्रास चालायचं. विलायती अंग बहुतेक बीचच्या लाकडाचं असतं, फिकट आणि बारीक ठिपक्यांच्या रेषांचं. बनवणाऱ्याचा ठसा पुढच्या टोकाच्या आडव्या लाकडावर, मधोमध आणि एकदाच असतो. कुठेही, तिरकी, तीन-तीन वेळा ठोकलेली अक्षरं असतील तर ती मालकांची. आणि ‘कास्ट स्टील’ म्हणजे बीड नव्हे. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद, ज्याची पद्धत शेफिल्डमध्ये अठराव्या शतकात हंट्समननं बसवली.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. वाचण्याआधी घासणं. ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत केलेल्या रंध्यावरचे बारीक ठसे, जपान रंग (बिडावरचा काळा चकचकीत रंग), पात्यावरचं कोरीव काम, सगळं जातं. पितळी नट चिंच-मिठानं लख्ख करायची आपल्याकडे सवय, देवाची भांडी तशी घासतोच, इथे थांबा. आधी अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून बघा. ठसा पुसट असेल तर पांढरा खडू अलगद फिरवून वरचा पुसून टाका, खाचेत उरलेला खडू अक्षरं दाखवतो. फोटो काढून ठेवा. मगच गंजावर तेल लावा, रात्रभर राहू द्या आणि चिंधीनं पुसा. धारेला हात नंतर.

एखादा स्क्रू हरवला असेल तर बाजारातला मिलिमीटरचा स्क्रू पान्यानं दाबून बसवू नका. स्टॅन्लीच्या फ्रॉगच्या स्क्रूची आटी बारा-वीस या इंची मापाची, आपल्या दुकानातली त्यात बसत नाही आणि बिडातली आटी एकदा गेली की गेलीच. दुसऱ्या मोडक्या रंध्यातला स्क्रू मिळवा. तोंडाजवळ तडा असेल तर वेल्डिंगवाल्याकडेही धावू नका. बीड तापवून घाईत निवलं की शेजारी दुसरा तडा जातो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकडी रंधा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर पाचर ढिली पडते आणि टोकाला भेगा जातात. पाचर बसत नाही म्हणून तो पाण्यात भिजवणारे मी पाहिलेत. लाकूड फुगतं, वाळलं की आणखी फाटतं. सावलीत ठेवा, पाचर ढिली करून ठेवा.

परवा आमच्या रंध्याची कड पुसताना, अण्णांच्या नावाच्या अक्षरांखाली कुणाची तरी आधीची दोन अक्षरं कानसून काढलेली दिसली. आत्याला विचारलं. तिला माहीत नाही. कड मी पॉलिश केलेली नाही.