जुना लाकडी वाडा घेऊन दुरुस्त करताय? या चुका टाळा

सगळ्यात पहिली चूक म्हणजे एप्रिल-मेमध्ये वाडा बघून लगेच टोकन देऊन टाकणं. तेव्हा सगळं कोरडं असतं, घरमालकाने नुकताच रंग मारलेला असतो आणि जुन्या सागवानाचे खांब बघून माणूस हरखून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की मग जा, तेव्हा कळतं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, कुठे गळतं, भिंत कुठे ओल धरते. नाशकात सराफ बाजार, दहीपूल किंवा पंचवटीत गोदावरीजवळ घेत असाल तर 2008, 2016 आणि 2019 च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा, आणि प्लॉट पूररेषेत येतो का हे महापालिकेत बघून घ्या.

लाकूड बघताना लोक नक्षी बघतात, बघायची असतात टोकं. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे ओल साचते, वाळवीपण तिथेच लागते, बाहेरून मात्र तुळई ठणठणीत दिसते. छोटी हातोडी मारून बघा, आवाज बद्द आला की आत पोकळ आहे समजा, पेचकस सहज आत गेला तर नक्कीच. खांब ज्या तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर बसतो तिथेही हेच करा, खासकरून मोरी किंवा संडासाच्या बाजूचा खांब. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई फेकायची गरज नसते, चांगला सुतार तेवढा भाग कापून जुन्या सागवानाचा सांधा देतो.

कागदपत्रांत आळस नको. प्रॉपर्टी कार्डवर अजून आजोबांचंच नाव आणि खाली वारस दहा-बारा, असं जुन्या नाशकात सर्रास असतं, त्यातला एक जरी सहीला आला नाही तरी अडकलात. आत जुना भाडेकरू असेल तर वाडा विकला म्हणून तो आपोआप जात नाही, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला असतं. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलीये का तेही विचारा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर लाकडी बांधकाम कळणारा बघा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक, वजन. धाबं गळतं म्हणून वर कोबा, परत गळलं की अजून एक थर, आणि शेवटी कुणीतरी सांगतो की सरळ स्लॅब टाका. चार इंची काँक्रीट स्लॅब दहा बाय बाराच्या खोलीवर पावणेतीन टनांच्या आसपास जातो, आणि खाली शंभर वर्षांचं लाकूड! उलटं करा, जुने थर उतरवा, वजन कमी करा, मग पत्र्याचं उतरतं छप्पर द्या. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टरही नको, ओल आत कोंडते आणि आतल्या आत माती सुटायला लागते, चुन्याचाच गिलावा करा.

बुटक्या छताचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो, माडीवर साडेसात फूट आणि तुळईखाली त्याहून कमी. मग कुणी तळमजल्यावर उंची मिळवायला जमीन खोदतो, त्याने तळखड्याखालचा आधारच ढिला होतो. कुणी मधला कडीपाट (तुळयांवर लाकडी कड्या-फळ्या टाकून केलेलं छत) काढून डबल हाइट करायला जातो, पण तो कडीपाटच समोरासमोरच्या भिंती बांधून धरतो, काढला की भिंती बाहेर झुकायला मोकळ्या. फॉल्स सीलिंग तर अजिबात नको, उंची जाते ती जाते, वर वाळवीपण दिसत नाही. त्याऐवजी फरशीवर फरशी बसवलेली असेल ती उखडून मूळ जोत्यापर्यंत या, दोन-तीन इंच सहज सुटतात. तुळईखाली पलंग किंवा कपाट ठेवा म्हणजे डोकं आपटायचं नाही, सीलिंग फॅनऐवजी भिंतीवरचा पंखा घ्या, आणि नंतर घातलेल्या प्लायच्या पार्टिशन काढून टाका, हवा खेळायला लागली की खोली मोठी वाटते, मला तरी उंचीपेक्षा हेच महत्त्वाचं वाटतं.

शेजारची सामाईक भिंत विसरू नका. बाजूचा वाडा पाडून तिथे बिल्डिंग होणार असेल तर तुमच्या भिंतीचा आधार जातो, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी तिकडून टेकू लावायचं लेखी ठरवून घ्या. आणि बजेट काढताना मलबा धरा, या गल्ल्यांत ट्रक येत नाही, माती बाहेर आणि वाळू आत, दोन्ही हातगाडीनेच करावं लागतं, त्याची मजुरी कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या.