स्टुटगार्टमध्ये जुनी सायकल काढून माउंटन बाईक घेताय? आधी कागद बघा

दर ऑक्टोबर-एप्रिलला नवीन बॅच येते, कोणी फाइहिंगेनच्या कॅम्पसला मास्टर्स करायला, कोणी चाकणच्या प्लँटमधून दोन-तीन वर्षांच्या असाइनमेंटवर, आणि सगळ्यांची पहिली सायकल एकाच पद्धतीने येते. परत जाणारा सिनियर 80-100 युरोला देतो, त्याने ती त्याच्या सिनियरकडून घेतलेली असते, मूळ मालक कोण ते कोणालाच माहीत नसतं. वर्षभर ती चालते. मग चेन घसरायला लागते, गिअर आपोआप पडतात, आणि इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, "नवीन माउंटन बाईक घ्यायचीये, कुठली घेऊ?" खाली चाळीस उत्तरं, त्यातली तीस अशा लोकांची ज्यांनी इथे येऊन सहा महिन्यांत कार घेतली आणि सायकल केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कोळ्यांच्या स्वाधीन केली. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक देईन.

पहिलं म्हणजे सायकल खरंच मेलीये का ते बघा. स्टुटगार्ट वाटीसारखं आहे, सेंटर खाली तळाशी आणि चहूबाजूंनी चढ. खालच्या मारियेनप्लाट्झ चौकातून वरच्या देगरलोख भागात जायचं तर दोन-सव्वादोन किलोमीटरमध्ये 200 मीटर वर चढायचं असतं, तिथे 1884 पासून दातेरी रूळांची ट्रेन आहे ती उगाच नाही. अशा शहरात पुण्यातल्या सपाट रस्त्यावर दहा वर्षं टिकणारी चेन दोन वर्षांत ताणली जाते, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. चेन मापायची पट्टी दहा युरोच्या आत मिळते, ती चेनमध्ये टाकून बघायची. पट्टीवर 0.5 (टक्के ताण) च्या आसपास असेल तर फक्त चेन बदला, 20-25 युरोत काम होतं. 0.75 च्या पुढे गेली असेल तर बहुतेक मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, त्याही खाल्ल्या गेलेल्या असतात, नुसती नवीन चेन टाकली तर ती जुन्या दात्यांवरून उड्या मारते. मग चेन, कॅसेट, ब्रेक पॅड आणि वर मेकॅनिकची मजुरी, 150-200 युरो सहज. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला पन्नास रुपये देऊन पाना फिरवून घ्यायची सवय, इथे मजुरीचा आकडा बघून लोक हादरतात आणि त्या रागात नवीन सायकल घेऊन मोकळे होतात. 100 च्या सायकलवर 200 घालू नका हे खरं, पण फक्त पंक्चर आणि ब्रेक पॅड असतील तर स्वतः करा, अर्ध्या तासाचं काम आहे. पंप घेताना व्हॉल्व बघून घ्या, इथे तीन प्रकारचे असतात आणि तुमचा चौथ्यासारखा दिसेल.

आता माउंटन बाईक. माझ्याकडे स्वतःची आहे, त्यामुळे मी विरोधात आहे असं समजू नका, पण तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ती नकोच असते. ऑफिस, लिडल सुपरमार्केट, शनिवारी नेकार नदीच्या काठाने एसलिंगेनपर्यंत, एवढंच करायचं असेल तर ट्रेकिंग बाईक घ्या. तिला मडगार्ड, कॅरियर, लाइट, स्टँड सगळं लागून येतं. माउंटन बाईकला यातलं काहीच नसतं, ते सगळं वेगळं घ्यायला गेलात की आणखी 100-150 युरो जातात आणि एवढं करून पावसात पाठीवर चिखलाची रेघ ती उठतेच. जर्मन माणसाला बघून भुलू नका, तो पाव आणायलासुद्धा आल्प्स चढायचे कपडे घालून निघतो, त्याचा तो छंद आहे.

जंगलात जायचंय म्हणून हवी असेल तर जरूर घ्या. शहराबाहेर पडायचीसुद्धा गरज नाही, बेरेनझेच्या तळ्यांपासून सॉलिट्यूडच्या राजवाड्यापर्यंत रान आहे. पण इथला एक नियम दुकानदार कधीच सांगत नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्गच्या वन कायद्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला बंदी आहे, खास परवानगी दिलेले ट्रेल सोडून. म्हणजे ज्या पायवाटांसाठी तुम्ही माउंटन बाईक घेणार त्यातल्या बऱ्याच कायद्याने बंद. रोज कोणी पट्टी घेऊन उभं नसतं, पण कुत्रा फिरवणारे आजोबा असतात आणि ते पट्टीपेक्षा कडक. देगरलोखवरून खाली येणारा वुडपेकर ट्रेल अधिकृत आहे, त्या दातेरी ट्रेनला पुढे सायकलींसाठी ट्रॉली असते, वर जाताना सायकल तिच्यावर टाका आणि ट्रेलने खाली या. पहिल्यांदा मात्र कोणी अनुभवी सोबत घ्या, तो ट्रेल नवशिक्यांचा नाही.

पुढे सस्पेन्शन आणि मागे कडक फ्रेम असलेली हार्डटेल घ्या. 700 ते 1000 युरोत चांगली मिळते. दोन्हीकडे सस्पेन्शनवाली 600 युरोला मिळतेय म्हणून खूश होणाऱ्यांनी समजून घ्या की त्या किमतीत ती फक्त जड असते, मागचा शॉक म्हणजे शोभेची स्प्रिंग. चढावर प्रत्येक पॅडलला डुलते. खरेदी शरद ऋतूत करा, पुढच्या वर्षीची मॉडेल्स यायच्या आधी दुकानं जुना माल उतरवतात.

साइझवरून आपल्या लोकांची फार फसगत होते. इथली दुकानं सहा फुटी माणसांसाठी भरलेली असतात आणि सेलमध्ये उरतात ते एल आणि एक्सएल. भिंतीला पाठ लावून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या, सेंटिमीटरला 0.226 ने गुणा, फ्रेमचे इंच ढोबळमानाने कळतात. 76 सेंटिमीटर असेल तर सतरा इंच. पाच फूट तीन इंचांच्या मुलींनो, 40% सूट आहे म्हणून एल घेऊ नका, मान आणि मनगटं दोन्ही जातील. दुकानात चालवून बघा आणि चालवताना लक्षात ठेवा, आपल्या मोटरसायकलला पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, इथल्या सायकलला डाव्या. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक एका बोटाने लागतो. उताराला घाबरून डावा हात आवळलात की हँडलवरून थेट पुढे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. वापरलेली माउंटन बाईक कागदाशिवाय घेऊ नका. परत सांगते, कागदाशिवाय घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकाने ऑनलाइन जाहिरात बघून 1800 ची बाईक 650 ला घेतली, एका स्टेशनच्या पार्किंगमध्ये, रोख. विकणारा म्हणाला बिल हरवलं, घर बदलतोय, घाई आहे. पोरगा खूश, ग्रुपवर फोटो, सगळ्यांचे अंगठे. काही महिन्यांनी पोलिसांनी रस्त्यात तपासणीला थांबवलं, खालचा फ्रेम नंबर टाकून बघितला, चोरीची निघाली. बाईक गेली, 650 गेले, वर पोलिसांना जबाब द्यायला जावं लागलं, आणि व्हिसा रिन्यूअल तोंडावर असताना हा मनस्ताप. त्याचं म्हणणं, मी तर पैसे मोजलेत, मला काय माहीत. जर्मन सिव्हिल कोडचं 935 वं कलम याच्यासाठीच आहे, चोरीला गेलेल्या वस्तूची मालकी ती विकत घेणाऱ्याकडे येत नाही, तुम्ही कितीही प्रामाणिकपणे घेतलेली असू दे. वस्तू मूळ मालकाची, तुम्ही पैशांसाठी त्या विकणाऱ्याला शोधत बसा. आणि अर्ध्यापेक्षा कमी किमतीत, बिल नाही, घरी बोलावत नाही, एवढं सगळं असताना "मला काय माहीत" हे पोलिसांना पटवणंही सोपं नसतं.

तेव्हा वापरलेली घेताना मूळ बिल मागा. फ्रेम नंबर बहुतेक पॅडलच्या खाली, बॉटम ब्रॅकेटवर कोरलेला असतो, सायकल उलटी करून स्वतः वाचा आणि बिलावरच्याशी जुळवा. खरवडलेला असेल तर तिथूनच घरी या. विक्रीचा करार करा, छापील नमुना नेटवर मिळतो, दोघांची नावं, पत्ते, किंमत, फ्रेम नंबर, सही, आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र बघून नाव जुळवा. त्याला राग आला तर येऊ दे. आपल्याला उगाच संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, पण जर्मन माणसाला कागद मागितल्याने कधीच वाईट वाटत नाही, उलट तो फाइल उघडून दोन कागद जास्त देतो. मराठी सिनियरकडून घेतलीत तरी कागद करा. तो म्हणेल, "अरे आपल्यात काय कागद." आपल्यातच करा, कारण तो पुढच्या महिन्यात हिंजवडीत असणार आहे. ही सगळी कटकट नको असेल तर दुकानातून नवीन घ्या, दोन वर्षं विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी असते, ऑनलाइन घेतली तर 14 दिवसांत परत करता येते.

नवीन घेतल्यावर त्याच दिवशी तीन फोटो काढा, सायकल, फ्रेम नंबर, बिल, आणि ते स्वतःला मेल करा. कारण पुढचा विषय विमा. घरातल्या सामानाच्या विम्यात कुलूपबंद केलरमधून घरफोडी होऊन गेलेली सायकल साधारण येते, रस्त्यावरून गेलेली येत नाही, त्यासाठी सायकलचं वेगळं कलम पॉलिसीत जोडून घ्यावं लागतं. ते आहे का हे आज बघा, चोरी झाल्यावर नको. क्लेमला पोलीस तक्रार, बिल आणि फ्रेम नंबर तिन्ही लागतात. कुलूप सायकलीच्या किमतीच्या दहा टक्क्यांचं घ्या, यू आकाराचं नाहीतर घडीचं, आणि फ्रेम खांबाला बांधा. नुसतं पुढचं चाक बांधून जाणाऱ्यांना संध्याकाळी ते चाक मिळतं.

लाइट. माउंटन बाईकवर लाइट नसतात आणि नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधारायला लागतं. बॅटरीचे काढता येणारे चालतात पण त्यांच्यावर नागमोडी रेघ, के अक्षर आणि नंबर असा शिक्का हवा, चायनीज साइटवरचे पाच युरोचे चालत नाहीत. रिफ्लेक्टर आणि घंटीही लागते. लाइट नसला तर 20 युरो दंड, हातात फोन धरून चालवलं तर 55, आणि सिग्नल लाल होऊन सेकंदापेक्षा जास्त झाल्यावर तोडला तर 100 आणि फ्लेन्सबुर्गच्या रेकॉर्डला (वाहतूक गुन्ह्यांची सरकारी नोंद) एक पॉइंट, हो, सायकलवरसुद्धा. क्रिसमस मार्केटमधून ग्लुवाइन (गरम मसालेदार वाइन) पिऊन सायकलवर येणाऱ्यांनी ऐका, रक्तात 1.6 प्रोमिल (हजारात 1.6 भाग) अल्कोहोल असलं की गुन्हा होतो आणि कारचं लायसन्सही जाऊ शकतं, वाकडीतिकडी चालवलीत तर 0.3 लाच अडकू शकता.

हेल्मेट सक्तीचं नाही. घाला.

कंपनीकडून लीजिंगवर, म्हणजे भाडेकराराने, सायकल घ्यायची फॅशन आहे. पगारातून करपूर्व हप्ता कापला जातो, तीन वर्षांचा करार, आणि 2020 पासून सायकलीच्या मूळ किमतीच्या चौथ्या हिश्श्यावर महिन्याला एक टक्का धरून कर लागतो, म्हणून 3000 ची बाईक कागदावर फार स्वस्त दिसते. कायमची नोकरी असेल तर छान आहे. असाइनमेंटवर आलेल्यांनी आणि दर दीड वर्षाने कंपनी बदलणाऱ्यांनी आधी करारातलं नोकरी सोडण्याचं पान वाचा, मधेच सोडलीत तर उरलेल्या हप्त्यांचं काय हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. ग्रॉस पगार कमी दिसतो, त्यामुळे ब्लू कार्डच्या (नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना) किमान पगाराच्या काठावर असाल तर आधी एचआरला विचारा, ग्रुपवर नाही.

आणि जुनी सायकल. चालण्यासारखी असेल तर नवीन बॅचला द्या, पण आधी ब्रेक नीट करून द्या, आणि तिचाही कागद करा, तुमच्याकडे बिल नसेल तर तसं त्यात लिहा. मेलेली असेल तर शहराच्या भंगार जमा केंद्रात नेऊन टाका. स्टेशनवर कुलूप लावून सोडून देऊ नका, तिथे गंजलेल्या सायकलींची एक रांगच आहे आणि त्यातल्या काहींवर अजून गणपतीचं स्टिकर दिसतं.