शेकोटीभोवतीचं गाणं: बार्डिक सर्कलमध्ये सादर करताना आणि शिकवताना या चुका टाळा

सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम, म्हणजे एससीए, ही संस्था १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झाली. सतराव्या शतकाच्या आधीचं जग अभ्यासून ते पेहरावानिशी, कलाकौशल्यानिशी जगून बघायचं, हे तिचं काम. सभासद नसलात तरी बहुतेक संमेलनांना जाता येतं. त्या काळाला शोभेल असे कपडे घालण्याचा मनापासून प्रयत्न केलेला असला म्हणजे झालं. पेनसिल्व्हानियात स्लिपरी रॉकजवळ दर उन्हाळ्यात भरणारा पेन्सिक वॉर हा यातला सर्वांत मोठा मेळा. तिथे दिवसा चिलखत घालून लढाया होतात आणि अंधार पडला की तंबूतंबूंपुढच्या शेकोट्यांभोवती बार्डिक सर्कल बसतात. गाणं, गोष्ट, कविता, वाद्य, ज्याला जे येतं ते त्याने सादर करायचं.

पहिल्यांदा गाणाऱ्यांची घसरगुंडी बहुधा गळ्यामुळे होत नाही. ती होते गाणं सुरू होण्याआधी: काय निवडलं, किती बोललो, कुठे उभे राहिलो इथे.

जुनं वाटतं म्हणून जुनं समजणं

‘स्कारबरो फेअर’ ऐकलं की मध्ययुग डोळ्यांपुढे उभं राहतं, पण त्याच्या शब्दांचा माग सतराव्या शतकातल्या एका बॅलडपर्यंतच, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्यापर्यंतच, लागतो. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या ३०५ बॅलडांचेही बहुतेक पाठ १६०० नंतर लिहून घेतलेले आहेत. मोकळ्या सर्कलमध्ये अशी गाणी गायली म्हणून कुणी उठवून लावत नाही. स्पर्धेत मात्र परीक्षक ‘हे कधीचं?’ हाच पहिला प्रश्न विचारतात, आणि ‘लोकगीत आहे, जुनंच असणार’ हे उत्तर चालत नाही.

खात्रीचं हवं असेल तर तेराव्या शतकातल्या कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारातल्या ‘कांतिगास दे सांता मारिया’कडे वळा. चारशेहून जास्त गाणी, तीही स्वरलेखनासकट. दक्षिण फ्रान्समधल्या त्रुबादुरांच्या, म्हणजे मध्ययुगीन कवी-गायकांच्या, सुमारे २,५०० रचना टिकल्या आहेत, पण चाली त्यातल्या जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या. म्हणून त्रुबादुरांची रचना घेणार असाल तर आधी चाल उपलब्ध आहे का ते बघा. नसेल तर त्याच छंदातल्या दुसऱ्या रचनेची चाल लावता येते. त्या काळी हे सर्रास होत असे, त्यामुळे तसं केल्याचं उघड सांगितलं की कुणाची हरकत नसते. आजच्या सिनेमातल्या चालीवर तलवारी-राजपुत्रांचे शब्द बसवले तर मात्र दुसऱ्या ओळीलाच श्रोत्यांच्या मनात मूळ गाणं वाजू लागतं आणि उभं केलेलं वातावरण जागच्या जागी विरतं.

मराठीतून काही न्यायचं असेल तर तारखांची रेघ स्पष्ट आहे. ज्ञानेश्वरी (१२९०), नामदेवांचे अभंग आणि १५९९ मध्ये निवर्तलेल्या एकनाथांची भारुडं या रेघेच्या अलीकडे येतात. तुकोबांचा जन्मच १६०८ चा, आणि अफझलखानाच्या वधावरचा पोवाडा १६५९ च्या घटनेवरचा, म्हणजे पलीकडचा. आमच्या मते शेकोटीसाठी भारुडाइतकं चोख दुसरं काही नाही: सोंग आहे, टेक म्हणजे पालुपद आहे, आणि भाषा न कळणाऱ्यालाही टेक धरता येते. अर्थ दोन वाक्यांत आधी सांगा. प्रत्येक कडव्याचा अनुवाद करत बसलात तर भारुडाचा जीव जातो.

लांबलेली प्रस्तावना

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. तीन मिनिटांचं गाणं आणि त्याआधी चार मिनिटं कवीचं चरित्र. प्रस्तावना वीस सेकंदांची ठेवा: हे काय आहे, कुठलं आणि कधीचं आहे, टेक कोणती आहे. बाकीचं नंतर विचारणाऱ्याला निवांत सांगा. ‘घसा बसलाय’, ‘नीट पाठ नाही’ ही वाक्यं तर पूर्ण गाळा. त्यांनी श्रोता सैलावत नाही, उलट चुका शोधायला लागतो.

टेक शिकवायची असेल तर ती दोन ओळींहून मोठी नको. एकदा म्हणून दाखवा, एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्या आणि लगेच गाण्यात शिरा. कडवं संपताना हात किंचित वर केला की लोकांना आपली पाळी कळते.

वारा, धूर आणि सूर

उघड्यावर आवाज पोचत नाही ही तक्रार नेहमीची. त्यावर ओरडणं हा उपाय नव्हे. आधी वारा कुठून येतोय ते धुरावरून बघा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. वाऱ्याच्या दिशेने आवाज चांगला जातो आणि धूरही तुमच्या तोंडावर येत नाही. वर्तुळाच्या वाऱ्याकडच्या कडेपासून एखाद-दोन पावलंच आत या, म्हणजे पाठीमागे फारसं कुणी उरत नाही. शेकोटीला लागून उभं राहू नका. लाकडांच्या तडतडीत स, फ, त यांसारखी बारीक व्यंजनं बुडतात आणि शब्द कळेनासे होतात. लय नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, शब्दांची टोकं पूर्ण उच्चारा, आणि कडव्यागणिक चेहरा सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे न्या. गात गात शेकोटीला फेऱ्या मारल्या तर दर क्षणी अर्ध्या लोकांना तुमची पाठच दिसते.

दुसरी अडचण पट्टीची. उभं राहताना छाती धडधडत असते, म्हणून पहिला स्वर हमखास वर लागतो आणि टेकेपर्यंत पोचता पोचता गळा फाटतो. यावर साधा उपाय: पहिला स्वर शोधू नका, गाण्यातला सर्वांत वरचा स्वर शोधा. तो ओठ मिटून हळू गुणगुणा, सहज लागला की तिथून खाली उतरत पहिल्या स्वरावर या. टेक सगळ्यांनी धरायची असेल तर तिचा वरचा स्वर हार्मोनियमच्या पांढरी दोन किंवा फार तर पांढरी तीनच्या पुढे जाऊ देऊ नका. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, असं दोघांनाही झेपतं. तयारीच्या आवाजाला कमी वाटेल, पण गर्दी गायची थांबली तर टेकेचा उपयोग काय?

पाळी येण्याआधी अर्धा तास तरी धुरातून उठून बसा. घोटघोट पाणी प्या. मीड (मधाची दारू) किंवा बिअरने धीर येतो असं वाटतं, पण घसा कोरडा पडतो आणि शब्दही निसटतात.

रात्र चढते तशी जमीन गार होते, वरचा थर उबदार राहतो आणि आवाज वर जाण्याऐवजी वाकून लांबवर जमिनीलगत पोचतो. दहा वाजता शेजारच्या तंबूत न पोचलेला सूर एक वाजता तिसऱ्या छावणीत झोपलेल्या लेकरांना उठवू शकतो. उशिराच्या सर्कलसाठी हळू आवाजाच्या गोष्टी आणि विलापगीतं राखून ठेवा.

वाद्यं आगीपासून निदान दोन-तीन मीटर लांब हवीत. एका बाजूने तापलं तर लाकूड पिळवटतं आणि प्राणिज सरसाने जोडलेले सांधे मऊ पडतात. तंबूतून वाद्य आणून लगेच वाजवू नका. बाहेरच्या हवेत वीसेक मिनिटं राहू द्या, मग जुळवा. आतड्याच्या तारा ओल्या हवेत सारख्या हलतात, त्यामुळे शिकाऊ माणसाने नायलॉनच्या लावलेल्या बऱ्या.

मध्येच विसरणं

विसरलात तर थांबून माफी मागू नका. टेक घ्या, ती संपेपर्यंत बहुतेक वेळा पुढचं कडवं आठवतं. नाहीच आठवलं तर त्याच्या पुढच्या कडव्यावर उडी मारा, फक्त गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात कोण मेलं आणि कुणी मारलं एवढं वगळू नका. तळहाताएवढ्या कागदावर प्रत्येक कडव्याचे पहिले दोन शब्द ठळक लिहून ठेवणं पुरतं. फोन काढू नका. अंधाराला सरावलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत तो उजेड जातो.

सर्कलचे रिवाज

फेरीच्या सर्कलमध्ये पाळी आली की तीन पर्याय असतात: स्वतः सादर करा, पाळी पुढे द्या, किंवा दुसऱ्या कुणाला अमुक म्हणा अशी फर्माईश करा. मोकळ्या सर्कलमध्ये फेरी नसते, ज्याला सुचेल तो उठतो. बसल्या बसल्या यजमानाला कुठला प्रकार आहे ते विचारून घ्या. मोकळ्या सर्कलमध्ये आधीच्याचा शेवटचा स्वर विरायच्या आत उठणं ही मोठी चूक. चार श्वास जाऊ द्या. एकदा सादर केलं की निदान तिघांना होऊ दे. न विचारता दुसऱ्याच्या गाण्यात वरचे सूर भरू नका, टेक सोडून. कुणी मृत मित्रासाठी विलाप गायला असेल तर लगेच पाठोपाठ चावट गाणं नको. चावट गाण्याआधी मुलं कुठे बसलीत तेही बघा.

शिकवताना

वर्ग बहुधा तासाचा असतो. लोक लांबून चालत येतात, म्हणून हाती पन्नास मिनिटं धरा. चाळीस मिनिटं इतिहास आणि शेवटी ‘आता तुम्ही करून बघा’ हा साचा मोडा. दहा मिनिटं सांगणं, पस्तीस मिनिटं करून घेणं, पाच मिनिटं प्रश्न. हातात द्यायला दोन्ही बाजूंनी छापलेला एकच कागद, मोठ्या अक्षरात.

अनुप्रासाची जुनी इंग्रजी ओळ शिकवणं सर्वांत फलदायी, आणि तिथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. ओळीचे दोन अर्ध, प्रत्येक अर्धात दोन ठोके. तिसरा ठोका कळीचा: पहिल्या दोनांपैकी निदान एकाचा आरंभ त्याच्याशी जुळला पाहिजे, दोन्ही जुळले तरी चालतं. चौथा मात्र जुळता कामा नये. मराठीत घ्यायचं तर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी देऊन बघा:

वादळ वेढी | वाट काळोखी

व, व, व आणि मग क. नवशिका उत्साहाने ‘वादळ वेढी, वाट वनाची’ लिहितो. चारही ठोके सारखे झाले की ओळ पुढे सरकत नाही, जागीच घुमते. ‘वनाची’च्या जागी वेगळा वर्ण आणायला सांगा आणि दोन्ही ओळी मोठ्याने म्हणवून घ्या, फरक कानालाच पटतो. स्वर एकमेकांशी कोणतेही जुळतात: ‘आग’, ‘ऊन’, ‘एकटा’ एका ओळीत चालतील. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना बजावा की जुळणी उच्चाराची, स्पेलिंगची नव्हे. ‘नाइट’ची (knight, सरदार) सुरुवात के या अक्षराने होत असली तरी आजच्या इंग्रजीत ती जुळते ‘नॉर्थ’शी. पहिल्याच वर्गात द्रोत्तक्वेत हा जुना नॉर्स (स्कँडिनेव्हियन) छंद काढू नका. आठ ओळी, ओळीला सहा अक्षरं, अनुप्रास आणि वर प्रत्येक ओळीत अंतर्यमक. तासाभरात एकाचंही कडवं पुरं होत नाही आणि लोक निराश होऊन उठतात.

गटात गाण्यासाठी इंग्लंडमधल्या रेडिंगच्या मठाशी जोडलेल्या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातलं ‘सुमेर इज इकुमेन इन’ उत्तम. एकच चाल गटागटाने मागून सुरू करायची, खाली दोन आवाजांचा फिरता आधार. चूक होते ती लवकर फोडण्याची. सगळ्यांनी एकत्र तीनदा नीट म्हटल्याशिवाय गट पाडू नका. प्रत्येक गटात एक पक्का गळा हवा. पहिल्या दिवशी दोनच गट करा, चार नंतर. कसं संपवायचं ते सुरू करण्याआधी ठरवा: प्रत्येक गट दोनदा म्हणून गप्प होईल, की तुमच्या खुणेवर सगळे एकदम थांबतील? हे न ठरवलेली फेरी कुजबुजत, हसत, विस्कटत बंद पडते.

त्या रात्री सर्कल कुठे आणि किती वाजता आहे हे त्याच कागदावर लिहा. वर्गातल्या मंडळींना तिथे बोलवा, आणि त्यांनी दुपारी रचलेल्या दोन-दोन ओळी म्हणायला वेळ मिळेल का, हे यजमानाला आधी विचारून ठेवा.